आई कामावर गेली तरी दूध तोडू नका

सव्वा महिना सरत आला की बाळंतिणीच्या घरात एक प्रश्न येऊन बसतो. धुणीभांडी करायच्या घरून निरोप येतो, "येतेस की दुसरी बघू?" झाडूकामाच्या ठेकेदाराला हजेरी हवी असते. घरभाडे आणि उसनवारी तर कोणासाठी थांबत नाही. मग दुधाची बाटली येते, पावडरचा डबा येतो, आणि घरातली मोठी माणसे सांगतात, "आता कामावर जायचंय, अंगावरचं तोडावंच लागेल."

इथेच चूक होते. कामावर जाणे टाळता येत नसेल, पण त्यासाठी अंगावरचे दूध तोडायची गरज नाही.

बाटली सोपी वाटते. पण पावडरचा डबा महाग असतो. महिनाअखेर तो संपत आला की सांगितलेल्या मापापेक्षा कमी पावडर पडते आणि दूध पाणचट होते. पाणी सार्वजनिक नळाचे, ते दर वेळी उकळले जातेच असे नाही. बाटलीच्या निपलमध्ये चिकटलेले दूध उन्हाळ्यात लगेच आंबते. त्यातून जुलाब लागतात, बाळाचे वजन उतरते, आणि बाईची मजुरी दवाखान्यात जाते.

दूध छातीत भांड्यासारखे भरून ठेवलेले नसते. बाळ जितके ओढते तितके ते नव्याने तयार होते. ओढणे कमी झाले की बनणेही कमी होते. म्हणून कामावर जाण्याआधी पोटभर पाजा. परत आल्यावर हातपाय धुऊन पहिल्यांदा बाळाला घ्या. भाकऱ्या थोड्या उशिरा झाल्या तरी चालतील. (हे वाक्य सासूबाईंनी आणि नवऱ्याने दोनदा वाचावे.) रात्री बाळ मागेल तेव्हा पाजा. रात्रीच्या पाजण्याने दूध टिकायला फार मदत होते. सुट्टीच्या दिवशी दिवसभर अंगावरच.

मधल्या वेळेसाठी दूध हाताने काढून ठेवता येते. कामावर जाण्याच्या दहा-पंधरा दिवस आधीपासून सवय करा. स्टीलची वाटी, चमचा आणि झाकण पाण्यात उकळून घ्या. हात साबणाने धुवा. छातीवर कोमट फडके ठेवून हलके चोळा. बोंडीभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेवर वरून अंगठा आणि खालून बोट ठेवा, आधी छातीकडे आत दाबा, मग दोन्ही बोटे जवळ आणून दाबा आणि सोडा. बोंडी ओढायची नाही. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे. एका बाजूने तीन-चार मिनिटे, मग दुसऱ्या बाजूने, असे आलटूनपालटून वीस-तीस मिनिटे लागतात. पहिल्या दिवशी दोन चमचेच निघतील. म्हणून दूध नाही असे समजू नका. हाताला सवय व्हावी लागते.

काढलेले दूध झाकून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा आणि चार तासांच्या आत बाळाला द्या. पत्र्याच्या घरात, उन्हाळ्यात, त्याहून लवकर. शेजारी फ्रीज असेल तर झाकलेली वाटी आतल्या बाजूला ठेवावी, दारात नको; तिथले दूध चोवीस तासांत वापरावे. देताना गॅसवर तापवू नका, वाटी गरम पाण्यात धरून कोमट करा. वर साय जमली तर दूध नासले असे नाही, हलवले की मिसळते. बाळाला मांडीवर थोडे उभे धरून वाटी-चमच्याने पाजा. बाळाने टाकलेले उष्टे दूध पुन्हा ठेवू नका. हे काम बाप करू शकतो. त्याला अंगावर पाजता येत नाही, वाटीने नक्की येते. कामाची घरे जवळ असतील तर आजीने दुपारी बाळाला आईकडे नेले तरी एक वेळ भागते.

कामावर असताना छाती जड होते, दूध झिरपते. न्हाणीघरात जाऊन थोडे पिळून काढा. गाठ झाली, छाती लाल होऊन ताप आला, तर पाजणे चालू ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणी, मध, घुटी काही नको. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे. काही आयांना डॉक्टरच वरचे दूध सांगतात. तेव्हा डब्यावरचे माप अजिबात कमी करू नका, पाणी उकळलेले घ्या आणि बाटलीऐवजी वाटी वापरा. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, नाचणीची घट्ट खीर सुरू झाली की आई नसतानाचे तास सोपे जातात.

बाळ झोपून राहावे म्हणून सर्दीचे औषध पाजणे हा मात्र जीवघेणा प्रकार आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आया एकेकाळी बाळाला अफूची गोळी देऊन पाळीला जात. त्या काळात, १९२८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणात बाईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, त्याचा भार सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमावर नफा घेणाऱ्या मालकानेही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

आजच्या कायद्याने दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी आहे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या ताईंनी पगारातून ईएसआयची कपात होते का ते पाहावे. होत असेल तर प्रसूतीचा लाभ तिथून मिळतो. बांधकाम मजुरांची मंडळाकडे नोंद असेल तर त्यांनाही साहाय्य आहे. घरकाम करणाऱ्यांना मात्र ही रजा लागू नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात; आशाताई किंवा अंगणवाडीताईकडे वेळेत नोंद करा.

बाळ सांभाळायला मोठ्या मुलीला शाळेतून घरी बसवू नका. हे सगळ्यांत स्वस्त वाटते, म्हणूनच ते पहिल्यांदा सुचते. एका चाळीतल्या दोन-तीन आयांनी पाळ्या लावून एकमेकींची बाळे सांभाळली तर एकीचेही काम सुटत नाही. विहारातल्या महिला मंडळाच्या पुढच्या सभेत कोणाच्या कामाची वेळ कोणती, एवढे विचारले तरी पाळी जमते.

आणि बाळंतिणीकडेही बघा. पहिले काही दिवस रडू येणे नेहमीचे. दोन आठवडे उलटूनही ती उदास असेल, जेवत नसेल, बाळाकडे बघवत नाही म्हणत असेल, तर तो आजार आहे, नखरे नव्हेत. आशाताईला सांगा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. स्वतःला किंवा बाळाला काही करीन असे ती बोलली तर तिला एकटी ठेवू नका, तशीच सरकारी रुग्णालयात न्या.