छत्तीस गुणांचा संगणक

मुलीसाठी स्थळ पाहण्याची वेळ आमच्यावर अजून यायची आहे. पण पत्रिका जुळवणे म्हणजे काय, याचा अनुभव मी २०२५ सालच्या जून महिन्यातच घेऊन चुकलो. बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या आमच्या कन्येला बक्षीस म्हणून संगणक हवा होता. तोही साधासुधा नव्हे, खेळ खेळण्याचा! शिवाय तयार घ्यायचा नाही, एकेक भाग पारखून घरी जोडायचा. "ऐंशी हजारांच्या वर एक पैसा मिळणार नाही," असे आमच्या गृहखात्याने बजावले, आणि मराठीचा हा अध्यापक वही-पेन्सिल घेऊन मुलीचा विद्यार्थी झाला.

माझी समजूत अशी की, सर्वांत महाग ते भाग आणावेत आणि जोडावेत. पण बाईंनी पहिल्याच तासाला प्रश्न टाकला, "बाबा, आपला पडदा केवढा?"

पडदा घरात होता. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन तासांसाठी मीच तो घेतला होता. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण सुमारे वीस लाख सत्तर हजार. आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवण्याची त्याची ताकद. म्हणजे एक चित्र तयार करायला यंत्राला सेकंदाचा साठावा भाग मिळणार. तेवढ्यात प्रोसेसरने कोण कुठे आहे, कोण पडला, चेंडू कुठे गेला हे ठरवायचे आणि ग्राफिक्स कार्डाने ते सारे रंगवायचे. दोघांतला एक चपळ आणि दुसरा मंद असला, तर चपळाने हात बांधून वाट पाहत बसायचे. फोर-के पडद्यावर ठिपके चौपट, म्हणून तिथे कार्डही दांडगे लागते. आमच्या पडद्यापुढे तसले कार्ड म्हणजे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात हत्ती बांधणे!

मग वाटणी सुरू झाली. पाचांतले दोन वाटे एकट्या कार्डाला गेले. आरटीएक्स ५०६० हे ते कार्ड. मेमरी ८ जीबी, भूक १४५ वॉटची. नव्या खेळांना ८ जीबी तोकडी पडू लागली आहे, हे कन्येला ठाऊक होते. पण १६ जीबीचे कार्ड ऐपतीबाहेर. "चित्राची बारीक कलाकुसर थोडी उतरवू," ती म्हणाली. प्रोसेसर सहा कोअरचा, रायझन ५ ७६००. मदरबोर्ड २०२२ साली आलेल्या एएम५ बैठकीचा, म्हणजे पुढे प्रोसेसर बदलायचा झाला तरी बोर्ड टाकावा लागू नये. मेमरी १६ जीबी. पण एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन, कारण दोन पट्ट्यांमुळे माहितीला ये-जा करायला दोन वाटा मिळतात. "पुढे बत्तीस करू," असेही ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, भाव भडकले आणि तो बेत अजून वहीतच आहे!

एका शनिवारी दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हटले तर वाटसरू गोंधळतो. लॅमिंग्टन रोड म्हटले की लगेच बोट दाखवतो. चार दुकाने पालथी घालून पाचव्यात यादी दिली. बेरीज अडीच हजारांनी वर गेली.

मी वडीलकीच्या नात्याने यादीवरून बोट फिरवले आणि पॉवर सप्लायवर टेकवले. कार्डाने खेळ रंगतो, प्रोसेसरने वेग येतो; या लोखंडी खोक्याने काय होते? "साधा देऊ का, साहेब?" दुकानदारही तत्पर होता.

कन्या क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, आजीच्या ओव्या कशाने गेल्या?"

वाचकहो, त्या गजबजलेल्या दुकानात मला काही सुचेना. माझ्या आईला जात्यावरच्या दोनशेच्या वर ओव्या मुखोद्गत होत्या. २००८ साली तिच्याजवळ बसून मी त्या टंकित केल्या. पुढच्या वर्षी ती गेली. २०१० च्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि आली. संगणकातून जळका वास आला. दुरुस्तीवाल्याने पेटी उघडून सांगितले, पॉवर सप्लाय गेला, आणि जाताना बोर्ड व डिस्क घेऊन गेला. तो खोका मी चारशे रुपये वाचवून घेतला होता. दुसरी प्रत ठेवली नव्हती. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिने ही कथा माझ्याच तोंडून ऐकलेली.

"ब्राँझचा शिक्का बघून भुलू नका," ती समजावू लागली. "वीज किती कमी वाया जाते, एवढेच तो सांगतो. दाब वाढला, शॉर्ट सर्किट झाले तर आपणहून बंद पडण्याची सोय आहे का, हे वेगळे बघायचे. आणि भूक सगळी मिळून तीनशे वॉटच्या आत असली, तरी साडेपाचशेचा घ्यायचा. सतत धापा टाकायला लावू नये."

मग अडीच हजार कुठून काढायचे? तिनेच काढले. काचेची, रंगीत दिव्यांची पेटी तिने महिनाभर मनात धरली होती. ती खोडून तिने पुढे जाळी असलेली साधी काळी पेटी लिहिली. "हवा खेळली म्हणजे झाले," म्हणाली. पण काचेच्या पेटीकडे तिने एकदा वळून पाहिले, ते मी पाहिले.

रविवारी दुपारी यंत्र सुरू झाले. खेळ उतरायला तासभर लागणार होता. तेवढ्यात तिने 'आजी' नावाची एक घडी उघडली आणि म्हणाली, "सांगा, आठवतील तेवढ्या. एक प्रत बाहेरच्या डिस्कवरही ठेवू."

दोनशेंपैकी मला अकरा आठवल्या. बाराव्या ओवीचा पहिला चरण येतो, दुसरा येत नाही. गावाकडे आत्या आहे. यंदाच्या भाऊबिजेला तिला विचारणार आहे.