दारात अडवलेला नवरदेव

नवरदेवाची वरात मुलीच्या घरापाशी येऊन पोचते. पुढे डफासारखी ‘रेबाना’ वाजवत, पैगंबरांची स्तुती गात चाललेली पुरुषमंडळी, मागे परड्या आणि ताटं सांभाळणारे नातेवाईक, मधूनच कानठळ्या बसवणारी फटाक्यांची माळ. एवढ्यात मुलीकडचे काही गडी वाट अडवून उभे राहतात. कमरेला कोयता, डोक्यावर काळी टोपी. त्यांचा म्होरक्या चार यमकबद्ध ओळी फेकून विचारतो: कोण तुम्ही, आणि काय म्हणून आलात? वरपक्षाकडूनही तशाच चार ओळी परत येतात. टोमणे वाढत जातात, बघे खिदळतात आणि शेवटी दोन्ही बाजूंचे पठ्ठे एकमेकांना भिडतात.

हे भांडण नसून जकार्तातल्या बेतावी समाजाचा लग्नविधी आहे. त्याचं नाव ‘पालांग पिंतू’, म्हणजे दाराचा अडसर.

आपल्याकडे वरात घरी आली की करवली दार अडवते, उखाणा घ्यायला लावते आणि ओवाळणी घेऊन वाट मोकळी करते. बेतावी वधूपक्ष इतक्या स्वस्तात ऐकत नाही. त्याच्या दोन अटी असतात. पहिली, आमच्या ‘जावारा’ला, म्हणजे गावच्या पैलवानाला, ‘सिलात’ या मलाय युद्धकलेत हरवा. वरपक्षाचा जावारा ती पुरी करतो. मग दुसरी अट येते: कुराण पढता येतं का? तेव्हा वरपक्षातला एक जण पुढे होऊन सुरेल आवाजात पठण करतो. पठणाच्या या पद्धतीला ‘सिके’ म्हणतात. ते संपलं की अडसर निघतो.

अर्थ उघड आहे. जावई घराचं रक्षण करणारा हवा आणि घराला नमाज शिकवणाराही हवा. बेतावी लोकांचा लाडका नायक सी पितुंग याच घडणीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच सत्तेला आणि जमीनदारांना सतावणारा हा रावा बेलोंग भागातला तरुण. लोककथा सांगते, की हाजी नाइपिन नावाच्या गुरूकडे तो कुराणही शिकला आणि सिलातही.

बेतावी हे नाव ‘बटाव्हिया’वरून आलं. डचांनी 1619 मध्ये जयकार्ता जिंकून तिथे वसवलेल्या शहराचं हे नाव. या बंदरात जावा, सुंदा, बाली, सुलावेसी, आंबोन इथून आलेली माणसं, चिनी आणि अरब व्यापारी, पोर्तुगीज वळणाचे मुक्त गुलाम असे सगळे शेजारी झाले आणि दोन-तीन शतकांत त्यांच्यातूनच एक नवा समाज घडला. 1930 च्या जनगणनेत त्याची वेगळी नोंद झाली. 2010 मध्ये बेतावींची संख्या 68 लाखांच्या आसपास होती. या सरमिसळीला एकत्र बांधणारा धागा होता इस्लामचा.

गंमत अशी, की इस्लामी विवाहाला स्वतःला लागतं फार थोडं. वर, वधू, वधूचा ‘वली’ म्हणजे पालक, दोन साक्षीदार आणि प्रस्ताव-स्वीकाराचे शब्द. शिवाय वराने वधूला द्यायची मेहर. बाकी हळद-मेंदी, वाजंत्री, पोशाख, पक्वान्नं हा सगळा ज्या त्या मुलखाचा मामला. धर्मशास्त्रात त्याला ‘उर्फ’ म्हणतात: धर्माच्या मूळ आज्ञेला बाध येत नसेल तर लोकांची रीत मान्य. ही मोकळी जागा बेतावी लोकांनी हौसेने भरली.

पोशाखच पाहा. वराच्या वेशाला ‘हाजीचा थाट’ म्हणतात: पायघोळ झगा आणि डोक्याला ‘अल्पी’ नावाचं पागोटं. मक्केहून परतलेल्या यात्रेकरूचा हा डौल. शेजारी बसलेली वधू मात्र चिनी नवरीच्या वेशात! डोक्यावर हलणारी सोनेरी फुलं, चिनी पुराणातल्या ‘होंग’ पक्ष्याच्या आकृती, अंबाड्याला मोगऱ्याच्या कळ्या आणि चेहऱ्यावर मण्यांच्या सरांचा पडदा, ज्याला ‘सियांगको’ म्हणतात. आपल्या मुंडावळ्या दाट करून नाकाखाली सोडाव्यात तसा. हा पडदा चिनी वळणाचा, पण बेतावी बायाबापड्या त्याचा अर्थ सांगतात तो नवरीच्या लज्जेचा आणि शालीनतेचा. चिनी वस्तूला इस्लामी अर्थ मिळाला आणि ती घरची झाली.

पावाचंही तेच. वरातीतलं सगळ्यात मानाचं रुखवत म्हणजे ‘रोती बुआया’, मगरीच्या आकाराच्या पावांची जोडी. पाव हा गोऱ्या साहेबांचा खाऊ, म्हणून प्रतिष्ठेचा. आणि मगर का, तर ती जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहते असा समज. मादी ओळखावी कशी? तिच्या पाठीवर एक पिल्लू भाजलेलं असतं. पूर्वी हे पाव कडक असत. ते कोणी खात नसे, घरात जपून ठेवत. आता ते गोड आणि मऊ असतात. समारंभ उरकला की तुकडे करून घरातल्या बिनलग्नाच्या पोरापोरींना वाटतात, म्हणजे त्यांचंही लवकर जमावं. मगरीचा कुराणाशी संबंध नाही, पण पती-पत्नींनी एकमेकांत विसावा शोधावा हा भाव त्यात आहे. सुरा अर-रूममधला तो विचार इंडोनेशियातल्या असंख्य लग्नपत्रिकांवर छापलेला दिसतो.

मुख्य विधी, ‘आकाद निकाह’, त्या मानाने अगदी साधा. एक बसकं टेबल. एका बाजूला वधूपिता, दुसऱ्या बाजूला वर, दोघांचे हात एकमेकांत गुंफलेले. पित्याला शब्द सुचेनासे झाले तर तो अधिकार ‘पेंगहुलू’कडे, म्हणजे विवाह लावणाऱ्या सरकारी धर्माधिकाऱ्याकडे, सोपवतो. मेहर काय ठरली ते नाव घेऊन सांगितलं जातं; पुष्कळदा त्यात नमाजाचा पेहराव आणि चटई असते. वर न अडखळता एका दमात स्वीकाराचं वाक्य म्हणतो. पेंगहुलू साक्षीदारांकडे पाहतो आणि सगळी खोली ओरडते, “साह!” म्हणजे वैध. आपली ‘सही’ आणि हा ‘साह’ मुळात एकाच अरबी धातूतून आलेले. ‘कबूल’ तर आपण जसाच्या तसा घेतलाय.

यानंतर वर सहसा आणखी एक मजकूर वाचतो, ‘ताक्लिक तालाक’. पत्नीला सलग दोन वर्षं सोडून गेलो, तीन महिने पोटगी दिली नाही, मारहाण केली किंवा सहा महिने तिच्याकडे दुर्लक्ष केलं, तर तिने धार्मिक न्यायालयात जाऊन नाममात्र रक्कम भरून तलाक मिळवावा, असं तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. लग्नाच्या दिवशीच बायकोच्या हाती सुटकेची किल्ली देणारी ही तरतूद विवाह-पुस्तिकेत छापलेली असते. विवाह कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर मुलीचंही किमान विवाहवय मुलाइतकंच, 19, झालं आहे.

लग्न लागलं तरी बेतावी नवरी लगेच बोलत नाही. ‘नेगोर’ नावाच्या प्रथेत नवऱ्याने तिला बोलतं करायचं असतं. तो गोड बोलतो, चहा-कॉफीच्या बशीखाली किंवा मेजाच्या कापडाखाली पैसे सरकवतो. ती मान वळवते. पुरुषाने हक्क गाजवण्याआधी मन जिंकावं, ही त्यामागची शिकवण.

पण सगळीच रीत अशी गोड नाही. जुन्या पद्धतीत काही दिवसांनी वराकडून वधूच्या माहेरी ‘लाक्से’ या शेवयांच्या रश्श्याचं साहित्य जाई. मुलगी कौमार्य राखून आली, असा तो निरोप. हा निरोप फक्त मुलीबद्दलच का जावा? नजर खाली ठेवा, शील जपा ही आज्ञा सुरा अन-नूरमध्ये आधी पुरुषांना आहे आणि मग स्त्रियांना. इथे रिवाज धर्माचं नाव घेतो, पण त्याचा निम्माच भाग ऐकतो.

आज जकार्तात महिनाभर नवरीला ‘पियारा’त, म्हणजे पथ्यात आणि उटण्यात, ठेवायला कोणाला वेळ आहे? ते आता एक-दोन दिवसांत आटपतं. पालांग पिंतूसाठी भाडोत्री पथकं मिळतात. तीच पथकं पाहुण्या मंत्र्यांच्या स्वागतालाही तोच अडसर उभारतात. लग्न सरकारी धर्मकार्यालयात लावलं तर फुकट, बाहेर लावलं तर 6 लाख रुपिया शुल्क, असा 2014 चा नियम आहे. त्यामुळे खिसा पाहूनही थाट ठरतो.

नवरदेवाच्या वतीने आता कोयता भाड्याचा माणूस परजतो आणि कुराणही तोच पढतो. स्वीकाराचं ते एक वाक्य मात्र नवरदेव स्वतःच म्हणतो, आणि तिथे अडखळला तर पेंगहुलू ते पुन्हा म्हणायला लावतो.