संगणकातील सातबारा : दोष ओळखावा, मग दार ठोठवावे

भाताचे बियाणे पेरण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात टाकावे व वर तरंगणारे पोकळ दाणे काढून टाकावेत, ही शिफारस कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांस आता नवी राहिलेली नाही. पोकळ दाणा वेळीच निघाला नाही, तर त्याचे नुकसान पुढे शेतात भोगावे लागते. शेताच्या कागदपत्रांचेही असेच आहे. सातबाऱ्यातील चुकीची नोंद वर्षानुवर्षे कोणास खुपत नाही. भात खरेदी केंद्रावर नाव नोंदविताना, अतिवृष्टीची मदत मागताना किंवा रस्त्यासाठी जमीन संपादित होताना ती एकाएकी आडवी येते, आणि तोपर्यंत दुरुस्तीची सोयीची वेळ निघून गेलेली असते. यास्तव हे दप्तर आज कसे ठेवले जाते आणि त्यात दोष आढळल्यास मदत कोठे मागावी, याची माहिती प्रत्येक खातेदारास असणे अगत्याचे आहे.

दप्तराची नवी मांडणी

गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाची व किती हे असते. नमुना १२ मध्ये तीत कोणते पीक घेतले हे असते. एका खातेदाराची गावातील सर्व जमीन नमुना ८-अ मध्ये एकत्र दिसते, तर हक्कात होणारा प्रत्येक बदल प्रथम नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत चढतो. पूर्वी ही सारी दप्तरे तलाठ्याच्या हाती असत. २०२४ पासून तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम मिळाले आहे, आणि दप्तरही आता ई-फेरफार या संगणक प्रणालीत आहे. जमाबंदी आयुक्त व संचालक भूमि अभिलेख, पुणे यांच्या देखरेखीखाली ही प्रणाली चालते व तिची आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला.

संगणकातील हे नमुने सुट्या वह्या नव्हेत. ती एकमेकांस बांधलेली कोष्टके आहेत. गावाचा संकेतांक, गट क्रमांक व खाते क्रमांक या त्यांना बांधणाऱ्या दोऱ्या होत. या रचनेमुळे एके ठिकाणची चूक दुसऱ्या नमुन्यातही उतरते. तद्वतच कोणासही लेखणीच्या एका फटकाऱ्याने नोंद खोडता येत नाही, कारण प्रत्येक बदलामागे फेरफार किंवा आदेश असावा लागतो. दुरुस्तीस लागणाऱ्या वेळाचे एक कारण हे आहे, आणि आपल्या जमिनीचे संरक्षणही त्यातच आहे.

दोषांचे तीन प्रकार

पहिला प्रकार लेखनदोषाचा. हस्तलिखित सातबारा संगणकात उतरविताना नावातील अक्षर बदलणे, खाते दोनदा पडणे किंवा क्षेत्राचा आकडा सरकणे असे दोष राहून गेले. २५ गुंठे म्हणजे सुमारे २५.२९ आर. उताऱ्यावर ते ०.२५.२९ असे हवे. त्याऐवजी ०.०२.५३ असे पडले, तर २५ गुंठ्यांचे शेत कागदावर अडीच गुंठ्यांचे होते. जुना हस्तलिखित उतारा व नवा उतारा यांत असा फरक दिसल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वये दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करावा. जुन्या उताऱ्याची व संबंधित फेरफाराची प्रत सोबत जोडावी. अशा अर्जाचा खरा आधार जुना कागद हाच असतो.

दुसरा प्रकार हक्काच्या नोंदीचा. आजोबांच्या पश्चात वारसांची नावे लागली नाहीत, अज्ञान पालकाचे नाव मूल सज्ञान होऊनही तसेच राहिले, एकत्र कुटुंबाच्या कर्त्याचेच नाव कायम राहिले, बोजा फेडूनही तो इतर हक्कांत दिसतो, या सर्व बाबी या प्रकारात मोडतात. येथे संगणकाचा दोष नसतो. नोंदच व्हावयाची राहिलेली असते. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम हाती घेतली, ती याच कारणाने. अशा कामांसाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करता येतो. फेरफार नोंदविल्यावर हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. प्रमाणित नोंद मान्य नसेल, तर ६० दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे.

तिसरा प्रकार यंत्रणेचा. अर्ज भरूनही जतन होत नाही, शुल्क भरले परंतु उतारा उतरत नाही, शेतात उभे असूनही भ्रमणध्वनी आपणांस गटाबाहेर दाखवितो, ही त्याची उदाहरणे. यासाठी कलम १५५ चा अर्ज करणे व्यर्थ होय. अडचण ग्राम महसूल अधिकाऱ्यास कळवावी. त्याच्याकडून ती तहसील कार्यालयात ई-फेरफारचे काम पाहणाऱ्या नायब तहसीलदाराकडे, तेथून जिल्ह्याच्या जाणकार अधिकाऱ्याकडे व आवश्यक तर पुण्याच्या प्रकल्प कक्षाकडे जाते. शेतकऱ्याने स्वतः पुणे गाठण्याचे कारण नाही. मात्र 'साइट चालत नाही' एवढ्या तक्रारीवरून कोणासही दोष शोधता येत नाही. गाव, गट व खाते क्रमांक, दिनांक, वेळ, शुल्काचा व्यवहार क्रमांक आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहून द्यावा. शक्य तर पडद्याचे छायाचित्र जोडावे.

पीक पाहणीची विशेष काळजी

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व नमुना १२ ची नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आली. आपल्या तालुक्यांत एकाच खाचरात खरिपात भात आणि त्यामागून वाल घेतला जातो. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भातही होतो. प्रत्येक हंगामाची नोंद वेगळी करावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. खरिपाच्या नोंदीवर उन्हाळी भात विकता येत नाही. वरकस जमिनीतील नाचणी व वरी यांचीही नोंद करावी.

डोंगरकुशीतील वाड्यांवर भ्रमणध्वनीस संपर्क मिळणे कठीण जाते. अशा ठिकाणी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे, नोंद जतन करावी आणि संपर्क मिळेल तेथे येऊन ती पाठवावी. पाठविल्याखेरीज नोंद दप्तरी पोहोचत नाही. चूक झाल्यास ४८ तासांच्या आत ती स्वतः दुरुस्त करता येते. ज्यांच्याजवळ भ्रमणध्वनी नाही त्यांनी गावासाठी नेमलेल्या पीक पाहणी सहायकाशी मुदतीपूर्वीच संपर्क साधावा. सामाईक खात्यात प्रत्येकाने आपापल्या कसणुकीचे क्षेत्र नोंदवावे. एकाने सर्व क्षेत्र आपल्या नावे भरले की भावाला जागा उरत नाही, आणि घरात निष्कारण कलह उद्भवतो.

खातेदारांनी पुढील गोष्टी कराव्यात

१. दरवर्षी पेरणीपूर्वी सातबारा व ८-अ काढून नाव, क्षेत्र, इतर हक्क व फेरफार क्रमांक जुन्या उताऱ्याशी ताडून पाहावेत.

२. सातबारा, आधार व बँकेचे पुस्तक यांतील नावे एकसारखी आहेत का ते पाहावे. शेतकरी ओळख क्रमांक मिळविताना याचा उपयोग होतो.

३. प्रत्येक अर्जाची दिनांकित पोच घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. ती टळल्यास अपील करता येते.

४. जुने हस्तलिखित उतारे, फेरफार व खरेदीखते कोरड्या जागी जपून ठेवावीत. नवा उतारा मिळाला म्हणून जुना फेकू नये.

५. भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त अंक कोणासही सांगू नये, व अनोळखी व्यक्तीने पाठविलेले ॲप उतरवून घेऊ नये.

६. बांध किंवा हद्दीचा वाद असल्यास तो उताऱ्याच्या दुरुस्तीने सुटत नाही. त्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करावा.

मुंबई-पुण्याच्या मधोमध असलेल्या या दोन तालुक्यांत जमिनीस मोठी मागणी आहे. अशा ठिकाणी दप्तरातील एक अक्षर वा एक शून्य एखाद्या कुटुंबाचे भवितव्य बदलू शकते. ठाकूर, कातकरी बांधवांच्या वाड्यांवर तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वारस नोंदी राहून गेलेल्या असू शकतात. लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणांनी आपल्या वाडीतील उतारे मोठ्याने वाचून दाखवावेत, दोष कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवावे व योग्य त्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वीचे दिवस या कामास योग्य होत. पहिला पाऊस पडेपर्यंत प्रत्येक घरचा सातबारा तपासून झालेला असावा.