पारावरचा वाद आणि सौरपंप

नव्या विहिरीवर पंप कोणता बसवायचा, यावरून परवा एका गावी पारावर बापलेकांत जुंपली.

आबा म्हणाले, "हवामान काय आजच बदलतंय? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाची वीज २०२४ मध्ये सरकारने माफ केली. मग सौरपंपाला पैसे कशाला?"

मुलगा म्हणाला, "आबा, विजेची पाळी रात्रीची आली की दारं धरायला मी जातो. साप मला दिसतात!"

बंधूंनो, तापमानवाढ माणसाच्याच करणीची आहे, असे जगभरच्या शास्त्रज्ञांनी २०२१ च्या अहवालात निःसंदिग्ध सांगितले. पण खर्चाची आबांची शंका रास्त आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत पारंपरिक वीजजोडणी नसलेल्यांना पंप मिळतो. शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींनी ५ टक्के रक्कम भरायची. उरलेला भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे आपल्यावरच. मोफत विजेचेही तसेच.

"ढगाळ दिवशी काय?" आबांनी विचारले. मी खरे तेच सांगितले, "पाणी कमी येईल."

पंप घ्याल तर पत्र्यांवरची धूळ पुसत जा. आणि ऊन फुकट म्हणून विहीर उपसू नका, ठिबक जोडा. सूर्य रोज उगवतो, झरा तसा नाही.