बोनेरचे पाणी

बोनेर हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. व्हेनेझुएलाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर, कॅरिबियन समुद्रात हे बेट आहे. लांबी जेमतेम ४० किलोमीटर. निवडुंग, मोकाट गाढवे, मिठागरे आणि त्यांत एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी, हेच तेथील वैभव. अंमल डचांचा. अशा रुक्ष बेटावर जगभरची माणसे कशासाठी लोटतात? पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्याला लागले की उत्तर मिळते. ठिकठिकाणी पिवळ्या रंगाने रंगविलेले दगड मांडलेले असून त्यांवर त्या त्या जागेचे नाव असते. दगडापाशी गाडी थांबवावी, पाठीवर हवेची टाकी बांधावी आणि देवळात जावे तसे चालत चालत समुद्रात शिरावे!

हे सुख इतरत्र सहसा मिळत नाही. बहुतेक ठिकाणी पोवळ्यांचे खडक किनाऱ्यापासून दूर असतात, म्हणून होडीवाचून गत्यंतर नसते. बोनेरला वारे वर्षभर पूर्वेकडून वाहतात; त्यामुळे पश्चिमेची बाजू आडोशाला राहून शांत असते. पाऊस बेताचा आणि बारमाही नदी एकही नाही. आपल्या कोकणच्या खाड्या पावसाळ्यात समुद्र कसा गढूळ करून सोडतात ते आपण पाहिलेच आहे. बोनेरला गाळ आणावयास नदीच नाही. त्यामुळे पाणी काचेसारखे आणि पोवळ्यांना ऊन भरपूर. किनाऱ्यापासून काही डझन हात पोहत गेले की तळ सुमारे १० मीटर खोलीवर एकदम उतरू लागतो, आणि त्या उतारावर पोवळ्यांचे रान सुरू होते.

आता टाकीकडे वळू. पाठीवर हवा घेऊन मोकळेपणाने पोहावे हे स्वप्न जुने. पण ते खरे झाले १९४३ साली, जेव्हा कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी श्वासागणिक हवी तेवढीच हवा, भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने देणारी झडप तयार केली. दाबाचा हिशेब सोपा आहे. दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. तिकडच्या नेहमीच्या टाकीत सुमारे २,२०० लिटर हवा कोंबलेली असते. मिनिटाला २० लिटर श्वास घेणाऱ्या माणसाला ती जमिनीवर ११० मिनिटे पुरेल. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ५५ मिनिटे. ३० मीटरवर चौपट, म्हणून जेमतेम २७. त्यातूनही काही हवा परतीसाठी राखावी लागते. घाबरट माणूस भराभर श्वास घेतो आणि त्याची टाकी आधी रिकामी होते. आमची नेहमीच आधी होते, हे येथे कबूल केलेले बरे.

खरा धोका मात्र वर येताना असतो. खोल पाण्यात दाबाखाली नायट्रोजन वायू रक्तात आणि मांसात विरघळतो. सोड्याच्या बाटलीची गोळी दाबताच काय होते ते आपण जाणता. घाईने वर येणाऱ्या माणसाच्या शरीरात तसेच बुडबुडे सुटतात आणि सांधे धरतात, क्वचित पक्षाघातही होतो. बोकडांवर प्रयोग करून हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आज मिनिटाला सुमारे ९ मीटर या गतीने यावयाचे, ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावयाचे आणि श्वास कधीही रोखावयाचा नाही, असा दंडक आहे. कारण १० मीटरवर भरून घेतलेली छाती श्वास रोखून वर आणली, तर आतली हवा दुप्पट होऊन फुप्फुस फाटू शकते.

येथेच किनाऱ्यावरून जाण्याची एक खुबी दिसते. परतताना तळ आपोआप उथळ होत जातो, म्हणून ती तीन मिनिटे दोरीला लोंबकळत काढावी लागत नाहीत. पोपटमासा दातांनी खडक कुरतडतो आहे, त्याचा करकर आवाज येतो आहे, तो ऐकत ती निघून जातात. वेळ आपली, मार्ग आपला. मात्र जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर प्रवाहच घरी आणतो.

कठीण काय असेल तर काठ. वाळू थोडी, मेलेल्या पोवळ्यांचे धोंडे फार. पाठीवर पंधरा-वीस किलोंचे ओझे. एकदा बाहेर येताना आम्ही लाटेचा अंदाज चुकलो, गुडघ्यांवर आपटलो आणि आधारासाठी टेकलेला हात नेमका समुद्री साळिंदराच्या काट्यांवर पडला. हातमोजे असते तर, असे मनात आले. पण तेथे हातमोज्यांना बंदी आहे. मोजे घातलेला माणूस निर्धास्तपणे पोवळी धरतो, उघड्या हाताचा माणूस धरीत नाही. नियम रास्त होता, हे तळहात चोळीत का होईना, मान्य करावे लागले.

होडीची गरज पडते ती समोरच्या क्लाइन बोनेर या निर्मनुष्य बेटासाठी. तेथे ओझे उचलणे नाही, धोंडे नाहीत. काठावर बसून मागे कलंडले की झाले. पण दहाबारा जणांबरोबर तांडेलाच्या घड्याळाप्रमाणे वागावे लागते. आमचे मत विचाराल तर पहिले चार दिवस किनारा आणि गुडघे बोलू लागले की होडी!

होडीची गोष्ट निघालीच आहे, तर नांगराचीही सांगितली पाहिजे. १९६२ साली डॉन स्ट्यूअर्ट नावाचा एक अमेरिकन खलाशी शिडाच्या जहाजातून येथे आला. प्रारंभी तोही भाल्याने मासे मारणाराच. पुढे तोच रक्षक बनला. १९७१ साली भाल्याच्या शिकारीवर बंदी आली, १९७५ साली पोवळी तोडण्यावर. एक नांगर शेकडो वर्षांची पोवळी क्षणात चुरतो, म्हणून तळाशी कायमचे खुंट बसवून वर बोये सोडले. होडी त्यांनाच बांधावयाची. १९७९ साली भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा समुद्र राखीव झाला. पण पैसा संपताच काही वर्षांत हे उद्यान कागदावरच उरले. अखेर १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून दहा डॉलर वार्षिक शुल्क घेण्यास आरंभ झाला. गिऱ्हाइके पळतील अशी धास्ती होती. ती पळाली नाहीत, आणि उद्यान पुन्हा उभे राहिले.

पण खुंट बसवून आणि शुल्क घेऊन सगळेच राखता येत नाही. १९८३ साली कॅरिबियनभर एका रोगाने काळ्या साळिंदरांचा फडशा पाडला. शेवाळ चरणारे तेच, ते गेल्यावर शेवाळाने पोवळ्यांना घेरले. तेव्हा आमचा तळहात ज्याने फोडला, त्याच्यावर राग धरणे आम्हांस शक्य नव्हते. पुढे २०१४ साली फ्लोरिडाजवळ पोवळ्यांचा एक नवाच रोग दिसला आणि २०२३ मध्ये तो बोनेरला पोचला. मेंदूसारख्या वळ्यांची जी पोवळी वाढावयास शतके लागतात, ती या रोगाने काही आठवड्यांत पांढरी पडतात. त्याच वर्षी पाणीही नेहमीपेक्षा तापले. काही ठिकाणे पाणबुड्यांना बंद करण्यात आली.

आता पाण्यातून बाहेर आल्यावर चहाची घाई करता येत नाही. रोगाचे बीज एका जागेहून दुसऱ्या जागी आपल्याच सामानाबरोबर जाऊ नये म्हणून चष्मा, पायांतले पंख आणि अंगातला वेष जंतुनाशक पाण्याच्या पिंपात बुडवून काढावयाचा, मग गोड्या पाण्यात खळबळावयाचा. पिवळ्या दगडावर तो वाळत घालावा आणि टाकीवरचा काटा पाहून वहीत आकडा लिहावा. तोवर सूर्य क्लाइन बोनेरच्या मागे गेलेला असतो.