ग्रंथपालाचे शिक्षण : दुरून किती, जवळून किती?

ग्रंथपाल म्हणजे कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा आणि मागितलेले पुस्तक काढून देणारा गृहस्थ, अशी समजूत अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळते. ती खरी असती, तर त्याच्या शिक्षणाचा प्रश्नच उद्भवला नसता. किल्ल्या सांभाळावयास विद्यापीठाची पदवी लागत नाही. परंतु लाखभर ग्रंथांच्या संग्रहातून नेमका हवा तो ग्रंथ हाती यावा, आणि ज्याला आपणांस काय हवे हे नीटसे सांगताही येत नाही अशा वाचकाचे समाधान व्हावे, यामागे एक शास्त्र आहे आणि एक कसबही आहे. शास्त्र समजून घ्यावे लागते. कसब हाताला वळण लावून मिळवावे लागते. या दोहोंचे प्रमाण काय असावे, हा ग्रंथपालाच्या शिक्षणातील जुनाच प्रश्न होय. आज विद्यापीठांतून ज्या संमिश्र अध्ययनाचा, म्हणजेच ब्लेंडेड लर्निंगचा, पुरस्कार होत आहे, त्याचाही विचार याच प्रश्नाच्या अंगाने करावयास हवा.

संमिश्र अध्ययन म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. अभ्यासक्रमाचा काही भाग वर्गात शिक्षकासमोर बसून शिकावयाचा, काही भाग इंटरनेटच्या साहाय्याने आपापल्या ठिकाणी व आपापल्या सवडीने शिकावयाचा, आणि एका भागात जे पेरले ते दुसऱ्या भागात उगवावे अशी दोहोंची सांगड घालावयाची, ही ती पद्धती. शिक्षकाच्या व्याख्यानाची ध्वनिचित्रफीत विद्यार्थ्यांच्या हाती देऊन वर्ग बंद ठेवला, तर त्याला संमिश्र अध्ययन म्हणता येणार नाही. सांगड हाच या पद्धतीचा प्राण आहे.

ही कल्पना नवी वाटली, तरी तिचे बीज आपल्याकडे जुने आहे. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० मध्ये पाचारण केले आणि पुढच्याच वर्षी तेथे ग्रंथालयाच्या कामाचे शिक्षण देणारा वर्ग सुरू झाला. त्याच बडोदे संस्थानात मध्यवर्ती ग्रंथालय राजधानीत होते, आणि पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी फिरत होत्या. वाचकाने ग्रंथालयाकडे यावे आणि ग्रंथालयानेही वाचकाकडे जावे, अशी ती दुहेरी योजना होती. लाहोर येथे १९१५ मध्ये आसा डॉन डिकिन्सन यांनी पंजाब विद्यापीठात वर्ग काढला. मद्रास ग्रंथालय संघाने १९२९ साली डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली उन्हाळी वर्ग भरविला, आणि १९३१ मध्ये तो मद्रास विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. वर्ग उन्हाळ्यात भरविण्यातील सोय उघड आहे. जो मनुष्य वर्षभर कामात गुंतलेला आहे, त्याला सुटीतच शिकता येते.

स्वतः रंगनाथन यांचे शिक्षण कसे झाले, हेही बोधप्रद आहे. गणिताचे हे अध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी लंडनला गेले. युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी बर्विक सेयर्स यांची वर्गीकरणावरील व्याख्याने ऐकली. परंतु सेयर्स हे क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही होते, आणि तेथील प्रत्यक्ष काम रंगनाथन यांनी जवळून पाहिले. शिवाय त्यांनी इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये हिंडून पाहिली. व्याख्यान, स्वाध्याय आणि प्रत्यक्ष काम या तिहींचा मिलाफ त्यांच्या शिक्षणात झाला होता. द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना तर त्यांना लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचे खेळणे पाहताना स्फुरली, असे सांगतात. पट्ट्या आणि स्क्रू निरनिराळ्या रीतीने जोडून निरनिराळ्या वस्तू तयार होतात, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले.

पुढे दूरशिक्षणाचे युग आले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९८९ मध्ये ग्रंथालयशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. छापील पाठ घरी यावयाचे, शंकांसाठी अभ्यासकेंद्रात जावयाचे आणि वर्गीकरण व तालिकीकरण यांचा सराव तेथेच करावयाचा, अशी त्याची रचना. नोकरी सोडणे ज्यांना शक्य नव्हते अशा असंख्य कर्मचाऱ्यांना या मार्गाने शिक्षण मिळाले. नंतर मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने देशातील सारे वर्ग एकाएकी बंद पडले आणि जे विभाग दूरशिक्षणाकडे साशंकतेने पाहत होते, त्यांनाही पडद्यावरून शिकवणे भाग पडले. त्या अनुभवानंतर, मे २०२१ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने संमिश्र अध्ययनाविषयी एक टिपण प्रसृत केले. कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला ६० टक्के समोरासमोर शिकवावा, अशी त्यात कल्पना होती.

येथेच एक धोका संभवतो. घड्याळ समोर ठेवून तासांची वाटणी केली की काम संपले, असे विभागांना वाटू लागते. सोमवार ते बुधवार वर्गात, गुरुवार-शुक्रवार घरी, अशी विभागणी करणे सोपे आहे. पण ती कामाचे स्वरूप पाहत नाही. खरी वाटणी तासांची नसून कामाची असली पाहिजे. ग्रंथपालाच्या कामातील कोणता भाग दुरून शिकता येतो आणि कोणता जवळ बसूनच शिकावा लागतो, हे एकेक विषय घेऊन ठरविले पाहिजे.

वर्गीकरणाचेच उदाहरण घ्यावे. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीची रचना, तिचे दहा मुख्य वर्ग, अंक वाढविण्याचे नियम हे सारे विद्यार्थी घरी वाचू शकतो, पुन्हा पुन्हा ऐकू शकतो. त्यासाठी वर्गाचा बहुमोल तास खर्च करण्याचे कारण नाही. आता त्याच्यापुढे दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र' या १९५६ च्या पुस्तकाचे नुसते शीर्षक ठेवले, तर तो त्याला ५०८.२ हा ऋतूंचा वर्गांक देण्याचा संभव आहे. पुस्तक हातात घेऊन चार पाने चाळली म्हणजे लक्षात येते, की निसर्गाचे निरीक्षण त्यात असले तरी ते मराठीतील ललित निबंधांचे पुस्तक आहे आणि त्याची जागा ८९१.४६४ येथे आहे. तरीही निसर्गाच्या अभ्यासकाला ते सापडावे म्हणून तालिकेत विषयाची नोंद हवी की नको? हा वाद वर्गात, टेबलाभोवती बसून, पुस्तक मधोमध ठेवून व्हावयास हवा. विद्यार्थ्यांनी आपले वर्गांक आदल्या दिवशी ऑनलाइन पाठविले, तर कोण कोठे चुकला हे शिक्षकास आधीच कळते आणि वर्गातला तास नेमक्या अडचणीवर खर्च होतो. सांगड म्हणतात ती हीच.

तालिकीकरणाचे बरेचसे काम तर आता संगणकावरच चालते. कोहा ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने तयार केलेली सोल प्रणाली आपल्या महाविद्यालयांतून परिचित आहे. अशा प्रणालीवर प्रत्येक विद्यार्थ्यास सरावापुरती जागा दिली, तर तो गडचिरोलीतून किंवा गोव्यातून नोंदी करू शकतो आणि शिक्षक त्या दुरून तपासू शकतो. मराठी नोंदींचे प्रश्नही काही निराळे आहेत. ज्ञानेश्वर आणि ज्ञानदेव या दोन नावांनी शोधणाऱ्यास एकाच ठिकाणी कसे आणावयाचे? कुसुमाग्रजांच्या कविता आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटके यांचा संबंध तालिकेत कसा दाखवावयाचा? हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी संग्रह सांभाळणाऱ्यांना हे शिकविणारा अध्यापक त्यांच्या शहरात भेटेलच असे नाही. त्यांच्यापर्यंत एखादा जाणता अध्यापक पोहोचविणे, हा नव्या साधनांचा अतिशय उचित उपयोग ठरेल.

परंतु संदर्भसेवेचे तसे नाही. समजा, एखादा विद्यार्थी येऊन दुष्काळावरचे पुस्तक मागतो. अननुभवी ग्रंथपाल त्याला कपाट दाखवितो. अनुभवी ग्रंथपाल सौम्यपणे दोन प्रश्न विचारतो आणि उलगडा होतो, की त्याला १९७२ च्या दुष्काळात निघालेल्या रोजगार हमीच्या कामांची माहिती हवी आहे. ती पुस्तकापेक्षा शासकीय अहवालांत आणि त्या वेळच्या वृत्तपत्रांत अधिक मिळेल. हे दोन प्रश्न कोणते, ते कोणत्या स्वरात विचारावयाचे, वाचक संकोचला तर कोठे थांबावयाचे, हे जाणत्या ग्रंथपालाशेजारी बसून, त्याचे पाहून आणि मग स्वतः करून शिकावे लागते. जीर्ण ग्रंथ हाताळणे आणि साठ्याची मोजदाद करणे हीदेखील अशीच कामे होत. संमिश्र अध्ययनाच्या नावाखाली या तासांना कात्री लागली, तर पदवीधर बाहेर पडतील, ग्रंथपाल पडणार नाहीत. आणि त्याची किंमत रित्या हातांनी परत जाणाऱ्या वाचकाला द्यावी लागेल.

या पद्धतीच्या मार्गात अडचणी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याच्याजवळ केवळ मोबाइल आहे आणि ज्याच्या गावी इंटरनेट लपंडाव खेळते, त्याला दीर्घ चित्रफितींचा काय उपयोग? त्याच्यासाठी मजकूर उतरवून घेता येईल असा, थोड्या जागेत मावणारा आणि मराठीत हवा. दुसरी अडचण शिक्षकाची. तासाभराचा चांगला ऑनलाइन पाठ तयार करावयास तासाभरापेक्षा कितीतरी अधिक श्रम पडतात. प्रत्येकाचा सराव तपासणे हे तर रोजचेच काम होते. जो विभाग ही पद्धत खर्च वाचविण्यासाठी स्वीकारील, त्याच्या हाती तिचे नुसते टरफल राहील.

उलट, ती नीट योजिली तर एक मोठा लाभ होण्यासारखा आहे. तालुक्याच्या गावी तुटपुंज्या वेतनावर काम करणाऱ्या ग्रंथालय कर्मचाऱ्यास वर्षभर शहरात राहणे परवडत नाही. त्याने सिद्धान्त घरी शिकावे. वर्षातून दोन-तीन वेळा, आठवडा-दोन आठवडे, विद्यापीठात येऊन सराव करावा. आणि एरवी जवळच्या महाविद्यालयातील प्रशिक्षित ग्रंथपालाच्या देखरेखीखाली काम करावे. परीक्षेत त्याच्याच ग्रंथालयातील शंभर पुस्तकांचे वर्गीकरण व तालिका यांना गुण दिले, तर अभ्यास करता करता त्या ग्रंथालयाचीही घडी बसेल.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय. शिक्षणाच्या कोणत्याही नव्या पद्धतीस हाच निकष लावता येईल. घरी शिकल्याने वाचलेला वेळ जर विद्यार्थ्याने ग्रंथांच्या आणि वाचकांच्या सहवासात घालविला, तर संमिश्र अध्ययन सार्थ झाले असे म्हणावे. तो वेळ केवळ वेळापत्रकातून नाहीसा झाला, तर साधने कितीही आधुनिक असोत, ग्रंथालयात येणाऱ्या वाचकाच्या पदरी त्यातून काही पडणार नाही.