लिटरचे माप आणि मुलांचे गणित

बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गीच्या सीमेलगत मुडबी आहे. या भागातील मराठी घरांतल्या मुलांची बाजारात व शाळेत कन्नड आणि उर्दूशीही गाठ पडते. भाषा बदलते, लिटर मात्र सर्वत्र तेवढाच राहतो. हे माप मुलांच्या केवळ तोंडी न राहता हाती उतरावे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

पूर्वी आपल्याकडे निळवे, कोळवे, चिपटे, मापटे आणि शेर अशी मापे असत. प्रत्येक माप मागच्या मापाच्या दुप्पट आणि चार शेरांची एक पायली. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली व १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने रूढ झाली. हिशेब सोपा झाला खरा. परंतु जुनी मापे रोज हाताखालून जात, तर 'एक लिटर म्हणजे हजार मिलिलिटर' हे आजची मुले बहुधा नुसते घोकतात.

तेव्हा आरंभ घागरीपाशी करावा. तांब्यात किती पाणी मावेल, याचा अंदाज मुलास प्रथम करावयास सांगावे. मग लिटरच्या मापाने मोजून पाहू द्यावे. तेच पाणी उंच पेल्यात व नंतर पसरट परातीत ओतावे. पाच-सहा वर्षांचे मूल बहुधा म्हणेल, 'पेल्यात जास्त आहे.' जिनेव्हाचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी बालबुद्धीची ही रीत अभ्यासली होती. अशा वेळी मुलास रागावू नये. पाणी पुन्हा मापात ओतून दाखवावे. मोठ्या मुलांस रेघ वाचणे शिकवावे. भांडे सपाट जागी ठेवावे, डोळा रेघेच्या पातळीत आणावा आणि पाण्याची कड काचेला वर चढलेली दिसली, तरी मधला खालचा भाग पाहावा.

मग उदाहरणे द्यावीत. म्हशीने सकाळी ४ लिटर ७५० मिलिलिटर व सायंकाळी ३ लिटर ५०० मिलिलिटर दूध दिले. घरी दीड लिटर ठेवले. विकावयास किती उरले? ७५० आणि ५०० मिळून १२५० होतात. त्यांतील हजारांचा एक लिटर हातचा धरावयाचा, येथेच मुले चुकतात. एकूण ८ लिटर २५० मिलिलिटर. उरले ६ लिटर ७५० मिलिलिटर. दुसरे उदाहरण उन्हाळ्याचे. हौद २ मीटर लांब, दीड मीटर रुंद व १ मीटर खोल आहे. एका घनमीटरात हजार लिटर. म्हणून हौदात ३००० लिटर. रोज १५० लिटर खर्चल्यास पाणी २० दिवस पुरेल.

असली गणिते आपल्याकडे फार जुनी आहेत. कल्याण ही चालुक्यांची राजधानी होती, त्या काळात, ११५० साली, भास्कराचार्यांनी 'लीलावती' रचली. तीत चार झऱ्यांचे उदाहरण आहे. एकेकटे झरे एक हौद अनुक्रमे एका दिवसात, अर्ध्या, एकतृतीयांश व एकषष्ठांश दिवसात भरतात. सर्व मिळून किती वेळात भरतील? एका दिवसात ते १, २, ३ व ६, म्हणजे एकूण १२ हौद भरतील. म्हणून एका हौदास दिवसाचा बारावा भाग पुरे.

हे शिक्षण परीक्षेपुरते नाही. लिटरभर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. किलो आणि लिटर यांतील हा भेद जाणणारी मुलगी दुकानात भाव नीट पारखील. आणि घरात तान्ह्यास जुलाब लागले, तर क्षार-साखरेची पुडी किती पाण्यात विरघळवावयाची, याला फार महत्त्व आहे. लिटरची पुडी कमी पाण्यात घातल्यास क्षार वाढून अपाय होतो. जास्त पाण्यात घातल्यास गुण उणावतो. पुडीवर लिहिलेले प्रमाण वाचून तेवढेच स्वच्छ पाणी मापणारा दहा वर्षांचा भाऊ अशा वेळी आईचा मोठा आधार होतो.

म्हणून आईबापांनी स्वयंपाकघरात एक खुणांचे माप ठेवावे आणि दूध, तेल, पाणी मोजण्याचे काम मुलांकडे सोपवावे. थोडे सांडेल, सांडू द्यावे.